डेन्मार्कच्या राजाने विकलेला किनारा : १८४५ आणि तंजावरचे मराठी राज्य

स्कँडिनेव्हिया म्हणजे युरोपच्या उत्तरेकडील डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तीन देशांचा प्रदेश. या प्रदेशातील राजघराण्यांपैकी हिंदुस्थानच्या भूमीवर दीर्घकाळ स्वतःचे निशाण फडकत ठेवले ते एकट्या डेन्मार्कच्या घराण्याने. त्या घराण्याच्या इतिहासात १६६०, १८१४ आणि १८४९ ही वर्षे ठळक मानली जातात. पहिल्या वर्षी राजपद वंशपरंपरागत होऊन अनियंत्रित राजसत्तेचा पाया घातला गेला, दुसऱ्या वर्षी नॉर्वे हातचे गेले आणि तिसऱ्या वर्षी राजाने संविधान मान्य केले. १८४५ या वर्षाला या पंगतीत सहसा जागा मिळत नाही. मराठी वाचकाने मात्र ते ध्यानात ठेवावे, कारण त्या वर्षी डेन्मार्कच्या राजाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला जी दोन मुख्य ठाणी विकली, त्यांपैकी एक तंजावरच्या राज्यकर्त्यांकडून मिळालेल्या भूमीवर, भोसले राजांच्या शेजारात सुमारे एकशेसत्तर वर्षे नांदले होते आणि दुसऱ्यात मराठीचे व्याकरण, कोश आणि गद्य पुस्तके छापली गेली होती.

हा व्यवहार २२ फेब्रुवारी १८४५ रोजी कलकत्त्यात झालेल्या तहाने ठरला. राजा ख्रिस्तियान आठवा याच्या वतीने डेनिश ठाण्यांचा गव्हर्नर पेडर हान्सन बोलणी करीत होता आणि समोर गव्हर्नर जनरल हेन्री हार्डिंगचे सरकार होते. तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी, जिला डेनिश लोक त्रांकेबार म्हणत; बंगालमध्ये हुगळीच्या काठचे श्रीरामपूर, ज्याचे डेनिश दप्तरातील नाव फ्रेडरिक्सनगर होते; आणि ओरिसात बालेश्वर येथे उरलेली वखारीची लहानशी जागा, अशा तीन मालमत्तांची मिळून किंमत साडेबारा लाख रुपये ठरली. वखार म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांनी माल साठवण्यासाठी आणि खरेदी-विक्रीसाठी बांधलेले ठाणे. ही रक्कम केवढी होती याचा अंदाज तंजावरकडे पाहिले म्हणजे येतो. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हवाली करणाऱ्या सर्फोजीराजांना महसुलाच्या पाचव्या हिश्शाखेरीज दरसाल एक लाख पगोडा, म्हणजे सुमारे साडेतीन लाख रुपये, देण्याचे कंपनीने कबूल केले होते. त्या हिशेबाने सव्वादोनशे वर्षांचा डेनिश अंमल तंजावरच्या राजाला मिळणाऱ्या सुमारे साडेतीन वर्षांच्या ठरीव नेमणुकीइतक्या पैशात निकालात निघाला.

विकणारा राजाही समजून घेण्याजोगा आहे. १८१४ साली नेपोलियनच्या बाजूने लढून पराभूत झालेल्या डेन्मार्कला कीलच्या तहान्वये नॉर्वे स्वीडनच्या राजाला द्यावे लागले, तेव्हा नॉर्वेत राजप्रतिनिधी असलेल्या तरुण ख्रिस्तियान फ्रेडरिकने तो तह न मानता तेथील लोकप्रतिनिधींची सभा आइड्सवोल येथे बोलावली. त्या सभेने १७ मे १८१४ रोजी संविधान संमत करून त्यालाच राजा निवडले, परंतु स्वीडनच्या फौजेपुढे टिकाव न लागल्याने काही महिन्यांतच त्याला ते सिंहासन सोडावे लागले. हाच राजपुत्र १८३९ मध्ये ख्रिस्तियान आठवा म्हणून डेन्मार्कच्या गादीवर आला. नॉर्वेत संविधानाच्या बळावर राजा झालेला हा पुरुष डेन्मार्कमध्ये मात्र अनियंत्रित सत्तेचा वारस होता, कारण १६६५ च्या राजकायद्याने तेथे कायदा, कर, युद्ध आणि तह यांचा सर्व अधिकार एकट्या राजाकडे ठेवला होता. त्यामुळे परदेशातील ठाणी विकायची की ठेवायची याचा निर्णय घेण्यासाठी त्याला कोणत्याही निवडलेल्या संसदेची मान्यता मिळवावी लागली नाही. ज्यांच्या डोक्यावरचे राज्य बदलणार होते, त्या तरंगमबाडीच्या कोळ्यांची आणि विणकरांची तर गोष्टच दूर.

डेन्मार्कचे पाऊल या किनाऱ्यावर पडले ते ख्रिस्तियान चौथ्याच्या काळात. त्याने १६१६ मध्ये डेनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली आणि दोन वर्षांनी ओवे येड्डे नावाच्या, वयाची पंचविशीही न गाठलेल्या सरदाराच्या हाताखाली जहाजे पाठवली. उद्देश सिंहलद्वीपातील कँडीच्या राजाशी सख्य करण्याचा होता. तो फसला, आणि ताफ्याने कावेरीच्या मुखाजवळील तंजावरच्या राज्याकडे मोर्चा वळवला, जेथे रोलंट क्राप हा त्यांचा माणूस पोर्तुगीजांच्या हल्ल्यातून वाचून आधीच दरबारी पोहोचला होता. नोव्हेंबर १६२० मध्ये तंजावरचा रघुनाथ नायक आणि डेन्मार्क यांच्यात करार झाला, त्यानुसार तरंगमबाडी हे मासेमारीचे गाव, तेथे किल्ला बांधण्याची परवानगी आणि कर घेण्याचा हक्क डेनिशांना मिळाला, आणि त्याच्या बदल्यात त्यांनी दरसाल नजराणा द्यायचा असे ठरले. रघुनाथ नायकाने ख्रिस्तियान चौथ्याला सोन्याच्या पत्र्यावर पाठवलेले पत्र कोपनहेगनच्या सरकारी दप्तरखान्यात आजही जपलेले आहे. या कराराचे स्वरूप नीट लक्षात घेतले पाहिजे. डेनिशांनी तरंगमबाडी जिंकली नव्हती. ती त्यांना तंजावरच्या गादीने नजराण्याच्या अटीवर वापरायला दिली होती.

ही अट मोडली की काय होते याचा अनुभव डेनिशांना लवकरच आला. युरोपातील युद्धांत डेन्मार्कचा खजिना रिता झाला, कंपनी मोडीत निघाली आणि १६६९ पर्यंत तीस वर्षांच्या आसपास मायदेशाहून एकही जहाज तरंगमबाडीला आले नाही. माणसे मरत गेली, काही निघून गेली, आणि शेवटी तरंगमबाडीच्या डान्सबोर्ग किल्ल्यात एस्किल अँडरसन कोंग्सबाक हा एकच डेनिश माणूस राहिला. त्याने स्थानिक शिबंदीच्या बळावर किल्ला राखला, बंगालच्या उपसागरात जहाजे पकडून खर्च भागवला, थकलेल्या नजराण्यासाठी चालून आलेल्या नायकाच्या फौजांना तोंड दिले आणि गावाभोवती तटबंदी उभारली. दूरच्या राजाचे नाव एका माणसाच्या चिवटपणावर तगून राहिल्याचे असे उदाहरण वसाहतींच्या इतिहासात क्वचितच सापडेल. मात्र याच शतकात या बंदरातून गुलाम म्हणून माणसेही जहाजात भरली गेली होती, हेही त्याच्या शेजारी नोंदवले पाहिजे. छोटी सत्ता म्हणजे निरुपद्रवी सत्ता असे समजण्याचे कारण नाही.

कोंग्सबाकच्या मदतीला जहाज येऊन पुरती दहा वर्षेही झाली नव्हती, तोच तंजावरची गादी बदलली. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी ऊर्फ व्यंकोजीराजे विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून कर्नाटकात उतरले आणि १६७६ मध्ये तंजावरचे धनी झाले. यापुढे १८५५ पर्यंत, सुमारे १८० वर्षे, तंजावरच्या दरबाराचे दप्तर मराठीत आणि मोडी लिपीत चालले. महाराष्ट्राबाहेर घर केलेल्या मराठी कुटुंबांना परमुलखात भाषा कशी जपावी हा प्रश्न रोजचा आहे. तंजावरकरांनी तमिळ, तेलुगू आणि संस्कृत यांच्याशी वैर न धरता, त्या भाषांत स्वतः रचना करून, आपली मराठी दरबारात आणि रंगभूमीवर चालती ठेवली. आणि या मराठी राज्याचा समुद्राकडचा एक शेजारी, तसेच नजराणा देणारे कूळ, म्हणजे डेन्मार्कचा राजा होता.

हे नाते नेहमी गोडीचे होते असे नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांच्या फौजेने १६९९ मध्ये तरंगमबाडीला वेढा घातला, आणि तो उठवण्यासाठी डेनिशांना मद्रासच्या इंग्रजांकडून कुमक मागवावी लागली. इकडे महाराष्ट्रात, अठराव्या शतकाच्या प्रारंभी, रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच) यांच्याबरोबर डेनिशांचीही 'डिंगमार' या नावाने नोंद आहे. हे टोपीकर इतर सावकारांसारखे साधे व्यापारी नाहीत, त्यांच्या प्रत्येकामागे एकेक राजा उभा आहे, असा इशारा अमात्यांनी दिला आहे. १६९९ चा वेढा आणि हा इशारा एकत्र पाहिले म्हणजे त्या काळच्या मराठी मुत्सद्द्यांना किनाऱ्यावरील वखारींचे खरे स्वरूप पुरते कळले होते असे म्हणावे लागते. त्यांना कमी पडले ते आरमार आणि आपसातील एकी.

डेन्मार्कच्या राजसत्तेने या किनाऱ्यावर केलेली सर्वांत दूरगामी गोष्ट व्यापाराशी संबंधित नव्हती. राजा फ्रेडरिक चौथा याने स्वतःच्या आज्ञेने दोन जर्मन धर्मोपदेशक, बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युट्शौ, तरंगमबाडीला पाठवले आणि ९ जुलै १७०६ रोजी ते तेथे उतरले. जर्मनीतील हाले या शहरात शिकलेले उपदेशक आणि कोपनहेगनच्या राजाचा आश्रय अशा जोडीतून उभे राहिलेले हे मिशन प्रॉटेस्टंट पंथाचे हिंदुस्थानातील पहिले मिशन होय. राजाच्या आज्ञेने आलेल्या त्सीगेनबाल्गला राजाच्याच किल्लेदाराने काही महिने कैदेत ठेवले, कारण धर्मप्रचाराने व्यापाराला बाधा येईल अशी त्या किल्लेदाराला धास्ती होती. सुटल्यावर त्याने छापखाना उभारला, आणि १७१५ पर्यंत बायबलच्या नव्या कराराचा तमिळ अनुवाद तेथे छापून पूर्ण झाला. तंजावरच्या हद्दीत शिरण्यास या उपदेशकांना बराच काळ मज्जाव होता. तो अडसर दूर होऊन त्यांच्यातला एक जण थेट राजवाड्यात पोहोचला, त्याला कित्येक दशके जावी लागली.

तो म्हणजे ख्रिस्तियान फ्रेडरिक श्वार्ट्झ. ब्रांडेनबुर्गमध्ये १७२६ साली जन्मलेला आणि कोपनहेगनमध्ये दीक्षा घेतलेला श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगमबाडीस आला, पुढे तिरुचिरापल्लीस गेला आणि १७७८ पासून तंजावरात स्थिरावला. डेनिश मिशनमधून आलेला हा माणूस नंतर इंग्रजांच्याही उपयोगी पडला. १७७९ मध्ये मद्रास सरकारने त्याला हैदर अलीकडे बोलणीसाठी पाठवले होते. तंजावरचे तुळजाराजे १७८७ मध्ये मृत्युशय्येवर असताना त्यांनी सुमारे दहा वर्षांच्या सर्फोजींना दत्तक घेतले आणि मुलाचा सांभाळ श्वार्ट्झने करावा अशी इच्छा व्यक्त केली. श्वार्ट्झने राज्यकारभार चुलते अमरसिंग यांच्याकडे द्यावा असे सुचवले; परंतु अमरसिंग स्वतःच गादीवर बसले, दत्तक अशास्त्रीय ठरवले गेले, आणि बाल सर्फोजींना राजवाड्यात जवळजवळ कोंडून ठेवल्यासारखे राहावे लागले. श्वार्ट्झने दाद मागून १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलवले, तेथे त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था झाली, आणि दत्तकाचा निर्णय फिरून १७९८ मध्ये सर्फोजी तंजावरच्या गादीवर बसले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ मरण पावला. तंजावरच्या चर्चमध्ये सर्फोजींनी त्याचे संगमरवरी स्मारक उभारले आहे. जॉन फ्लॅक्समन या प्रख्यात इंग्रज शिल्पकाराच्या हातच्या त्या शिल्पात श्वार्ट्झ अंथरुणाला खिळलेला आहे आणि त्याचा हात हातात घेऊन मराठी राजा शेजारी उभा आहे.

या कथेला भाबडेपणाने पाहू नये. श्वार्ट्झचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि सर्फोजींच्या राज्यारोहणाची किंमत कंपनीने वर्षभरातच, १७९९ च्या तहाने, सारा मुलूख घेऊन वसूल केली. तरीही सर्फोजींनी त्या शिक्षणातून जे घेतले ते स्वतःच्या अटीवर घेतले. त्यांनी धर्म बदलला नाही, वडिलार्जित विद्या टाकली नाही. उलट राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, मराठी, तमिळ आणि तेलुगू हस्तलिखितांबरोबर युरोपीय भाषांतील शास्त्रीय ग्रंथ गोळा केले, डोळ्यांच्या रोगांवरील उपचारांच्या सचित्र नोंदी ठेवल्या, आणि 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक लिहून त्यात जगाचा भूगोल सांगितला. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या डोंगरी बाईचे पात्र असलेला दक्षिणेतला नाट्यप्रकार. त्या लोकप्रिय साच्यात पृथ्वीचे खंड आणि देश बसवण्याची कल्पना एखाद्या जातिवंत शिक्षकालाच सुचावी. १८०५ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू केला आणि इसापच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर तेथे छापले. त्याआधी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा दीर्घ मराठी शिलालेख त्यांनी कोरवून घेतला. चोळ राजांच्या त्या मंदिरात, तमिळ शिलालेखांच्या सहवासात, ओळींमागून ओळी भरलेली ती देवनागरी अक्षरे वाचता वाचता कोणाही मराठी माणसाची पावले रेंगाळतात.

याच सुमारास डेन्मार्कच्या दुसऱ्या ठाण्यात मराठीचे आणखी एक काम सुरू झाले होते. हे श्रीरामपूर बंगालमधले. अहिल्यानगर जिल्ह्यातील आपल्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही. १७५५ मध्ये नवाब अलीवर्दीखानाच्या परवानगीने डेनिशांनी ते वसवले आणि राजा फ्रेडरिक पाचवा याचे नाव त्याला दिले. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या हद्दीत धर्मोपदेशकांना थारा देत नसे. त्यामुळे १७९९ मध्ये आलेले मार्शमन आणि वॉर्ड, आणि त्यांना १० जानेवारी १८०० रोजी येऊन मिळालेले विल्यम कॅरी, या तिघा इंग्रजांनी डेनिश गव्हर्नर ओले बी याच्या आश्रयाने श्रीरामपुरात घर आणि छापखाना थाटला. एका राजाच्या प्रजेने दुसऱ्या राजाच्या निशाणाखाली आसरा घ्यावा आणि त्यातून तिसऱ्याच प्रांताच्या भाषेचे भले व्हावे, असा हा योग होता. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागले, आणि नागपूरकडचे पंडित वैजनाथशास्त्री यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये त्यांनी मराठीचे व्याकरण, तर १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला. पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी येथे नाना लिप्यांचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, पाडली, आणि मोडीसारखी सलग वळणाची, हात न उचलता लिहायची लिपीही छापात आणून दाखवली. मार्च १८१२ मध्ये छापखान्याला मोठी आग लागून बरेचसे साहित्य जळाले, तरी काम थांबले नाही. 'सिंहासनबत्तिशी', 'हितोपदेश' आणि नागपूरकर भोसल्यांची वंशावळ अशी मराठी पुस्तके त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत बाहेर पडली. मुंबईत मराठी ग्रंथछपाईने जोर धरला तो १८२० नंतर. मराठी छपाईच्या या पहिल्या टप्प्यातले दोन महत्त्वाचे छापखाने महाराष्ट्राबाहेर होते, एक तंजावरच्या राजवाड्यात आणि दुसरा डेन्मार्कच्या राजाच्या हद्दीत, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आजच्यापेक्षा अधिक ठळकपणे यायला हवी. फ्रेडरिक सहावा याने १८२७ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजला पदव्या देण्याची सनदही दिली.

मग एवढे जमलेले बस्तान डेन्मार्कने विकले का? उत्तर व्यापारात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या तीस वर्षांत इंग्रज, फ्रेंच आणि डच आपसात लढत असताना डेन्मार्क तटस्थ राहिले, आणि तटस्थ निशाणाखालचा माल सुरक्षित असल्याने त्याची चलती झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी खासगी व्यापारात आणि लाचलुचपतीत मिळवलेला पैसा उघडपणे मायदेशी नेणे कठीण असे. तो पैसा ते डेनिश व्यापाऱ्यांना कर्जाऊ देत, डेनिश त्यातून कापड विकत घेऊन कोपनहेगनला विकत आणि रक्कम लंडनमध्ये चुकती करीत. म्हणजे या भरभराटीला भांडवल पुरवले ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या खिशांनी. १७७७ मध्ये ठाण्यांचा कारभार डेनिश कंपनीकडून थेट राजाकडे आला होता, त्यामुळे हा सुकाळ राजाच्याच नावावर जमा झाला. परंतु तटस्थता संपताच सारे कोसळले. इंग्रजांनी तरंगमबाडी आणि श्रीरामपूर १८०१ मध्ये आणि पुन्हा १८०८ मध्ये घेतले. १८०७ मध्ये खुद्द कोपनहेगनवर तोफा डागून डेन्मार्कचे आरमार ओढून नेले. १८१३ मध्ये डेनिश सरकारचे दिवाळे वाजले. १८१५ मध्ये ठाणी परत मिळाली तेव्हा इंग्लंडच्या यंत्रमागांचे स्वस्त कापड येऊ लागले होते आणि कावेरीकाठच्या विणकरांचा माल घ्यायला युरोपात गिऱ्हाईक उरले नव्हते. त्यापुढची तीस वर्षे राजाला ही ठाणी केवळ खर्चाची बाब होऊन बसली.

त्या अखेरच्या काळाची खूण म्हणून तरंगमबाडीचे चार काशांचे तांब्याचे नाणे हातात घेऊन पाहावे. एका अंगाला मुकुट आणि त्याखाली ख्रिस्तियान आठव्याच्या नावाची गुंफलेली आद्याक्षरे, दुसऱ्या अंगाला किंमत आणि साल. ८० काशांचा एक फनाम आणि ८ फनामांचा एक रुपया असा हिशेब होता. तेव्हा हे नाणे म्हणजे रुपयाचा १६० वा हिस्सा, बाजारात भाजी घेताना मोडायची चिल्लर. कोपनहेगनच्या राजाचे सार्वभौमत्व शेवटी तेवढ्यावर उरले होते.

११ ऑक्टोबर १८४५ रोजी श्रीरामपूर आणि ७ नोव्हेंबर १८४५ रोजी तरंगमबाडी इंग्रजांच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी जूनमध्ये राजाने स्टेन बिले याच्या हाताखाली 'गालाथेआ' ही युद्धनौका पृथ्वीप्रदक्षिणेसाठी आणि शास्त्रीय संशोधनासाठी पाठवली होती. तरंगमबाडीत उतरलेल्या तिच्या मंडळींना डेनिश अमलाचे शेवटचे दिवस पाहायला मिळाले. रहिवाशांची मालमत्ता आणि धर्म यांना धक्का लागणार नाही, आणि श्रीरामपूर कॉलेजची सनद कायम राहील, अशी हमी तहात होती, आणि ही कलमे घालून घेतल्याबद्दल डेनिश बाजूला श्रेय दिले पाहिजे. कॉलेजची सनद पुढेही चालू राहिली. पण तरंगमबाडी मुळात तंजावरच्या गादीने दिली होती, आणि ती विकणारा तह मात्र कोपनहेगन आणि कंपनी यांच्यातच झाला. त्या वेळी तंजावरात सर्फोजींचे पुत्र शिवाजीराजे हयात होते. किल्ला आणि राजवाडा एवढीच सत्ता हाती राहिलेल्या त्या राजांना या व्यवहारात पक्षकार म्हणून जागा नव्हती. नजराण्याच्या अटीवर मिळालेली जमीन धन्याला वगळून विकली गेली, असेच या व्यवहाराचे वर्णन करावे लागेल.

पुढची दहा वर्षे दोन्ही घराण्यांना अगदी वेगवेगळ्या दिशांनी घेऊन गेली. ख्रिस्तियान आठवा जानेवारी १८४८ मध्ये मरण पावला, आणि त्याच्या मुलाने ५ जून १८४९ रोजी संविधानावर सही करून अनियंत्रित सत्ता सोडली. डेन्मार्कचे राजपद त्यामुळे टिकले आणि आजही टिकून आहे. इकडे त्याच १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य औरस पुत्राअभावी खालसा झाले, मागोमाग नागपूरचे गेले, आणि तंजावरचे शिवाजीराजे ऑक्टोबर १८५५ मध्ये निपुत्रिक वारले तेव्हा ते राज्यही कंपनीने बुडवले. कंपनीने राजांची खासगी मालमत्तासुद्धा ताब्यात घेतली, तेव्हा राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि जिंकला. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायासनाने, हे कृत्य राज्यसत्तेचे असल्याने कोणत्याही न्यायालयाला त्याची चौकशी करता येत नाही असा निकाल दिला. हा निवाडा कायद्याच्या अभ्यासात अजून शिकवला जातो. त्यामागे तंजावरची एक मराठी विधवा राणी होती हे तो शिकणाऱ्या किती मराठी विद्यार्थ्यांना सांगितले जाते?

डेन्मार्कने यानंतर आफ्रिकेच्या सुवर्णकिनाऱ्यावरील किल्ले १८५० मध्ये, निकोबार बेटांवरचा हक्क १८६८ मध्ये आणि कॅरिबियन समुद्रातील बेटे १९१७ मध्ये विकली. तरंगमबाडीचे बंदर ओस पडले, व्यापार नागपट्टणमकडे गेला. आज तेथे १७९२ साल कोरलेली वेस, किल्ला, गव्हर्नरचा बंगला आणि चर्चे दुरुस्त करून राखली आहेत, आणि त्या कामी डेन्मार्कमधील संस्थांनी तमिळनाडू सरकारला हात दिला आहे. आपल्या राजाने विकलेल्या गावाची निगा राखायला डेनिश लोक इतक्या दूरवरून येतात, हे मनापासून कौतुकास्पद आहे. तंजावरचे मराठी दप्तर मात्र अजून आपली वाट पाहत आहे. सरस्वती महालात आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठात तेथल्या मोडी कागदपत्रांवर काम झाले आहे, त्यांतील काहींचे तमिळ अनुवाद प्रसिद्धही झाले आहेत, पण रुमालांत बांधलेले हजारो कागद वाचायला मोडी जाणणारी माणसे कमी पडतात. पुणे, मुंबई आणि कोल्हापूर येथे मोडीचे वर्ग चालतात; त्यांत तयार झालेल्या तरुणांनी आणि त्यांना शिष्यवृत्ती देऊ शकणाऱ्या मराठी संस्थांनी तंजावरची वाट धरावी, आणि हे कागद मराठीत छापून वाचकांपुढे आणावेत.